सोळा बैलजोड्यांचा फ्लॅट

आमच्या दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, रुपयावर काडीचा विश्वास नव्हता. रुपया आज एक अन् उद्याही एकच, पण त्यात येणारं पोतं दरसाल बारीक होतं, असं ते म्हणायचे. बैल मात्र बैलच राहतो. त्यामुळे राजुरीच्या आमच्या घरात कुठलीही मोठी किंमत आली की ती आधी बैलजोडीत मोडून बघितली जायची. मोटारसायकल म्हणजे दीड जोडी. थोरल्या बहिणीचं लग्न तीन जोड्या, मानपान धरून. शेजाऱ्यानं ट्रॅक्टर घेतला तेव्हा दादा बांधावरून बघत म्हणाले, "धा जोड्या घातल्या अन् शेण वंजळभर न्हाई." घरी जोडी एकच, तरी दर सोमवारी ते बेल्ह्याच्या बैलबाजारात जायचेच. घ्यायचं नसो, विकायचं नसो, भाव बघून आल्याशिवाय त्यांना त्या आठवड्यात जगात काय चाललंय ते कळत नसे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी भोसरीला एका कारखान्यात तपासनीस होतो, पगार बेचाळीसशे. आम्ही चौघं जण एका भाड्याच्या खोलीत राहायचो, एक स्टोव्ह अन् एक आरसा चौघांत. त्यात माझं लग्न निघालं. मुलगी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या अलीकडच्या गावची. तिचे वडील शाळामास्तर. पोहे झाले, चहा झाला, अन् मास्तरांनी चष्मा पुसत सरळ सांगितलं, "मुलगी पुण्याकडे द्यायला आमची हरकत नाही, पण ती भाड्याच्या खोलीत नांदणार नाही. तुळशीची लग्नं लागेपर्यंत तुमच्या नावावर फ्लॅट झाला तर सुपारी फोडू. नाहीतर मंचरचं एक स्थळ आहे. त्यांचा चिंचवडात झालेला आहे, गॅलरीसकट."

ते गॅलरीसकट मला लई लागलं. तेवढ्यात मुलीला काही विचारायचं असेल तर विचार, असं कुणीतरी म्हणालं. अशा वेळी मुली मान खाली घालून नाही म्हणतात. हिनं मान वर केली अन् विचारलं, "फ्लॅट घेणार तो किती वर्षांच्या पगाराचा असेल?"

मास्तर खाकरले. मी मनातल्या मनात भागाकार करायला लागलो अन् घामाघूम झालो. मुलगी मला दारातून येतानाच आवडली होती, पण आता तिचा धाकही वाटायला लागला. आज इतक्या वर्षांनी दोन्ही तसंच आहे.

भोसरीत मी फ्लॅट बघून ठेवला होता. दोन खोल्या, संडास-बाथरूम आत, दुसरा मजला. बिल्डर चार लाख मागत होता. माझी पतसंस्थेतली शिल्लक, प्रॉव्हिडंट फंड अन् बँक जास्तीत जास्त देईल ते कर्ज, सगळं मिळून साडेतीनच्या वर माझा हात जात नव्हता. वरचे पन्नास हजार कुठून आणायचे हा एवढाच प्रश्न होता, अन् तो सुटला नाही तर ती मंचरवाल्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालणार होती. मला तर रात्रंदिवस ती कपड्यांची दोरी दिसायला लागली.

दादांना मी आकडा सांगितला. त्यांनी बोटं मोजली. "पंचवीस हजाराची जोडी धरली तर सोळा जोड्या," ते म्हणाले. "बत्तीस बैल. आरं, बत्तीस बैल त्या दोन खोल्यांत उभे तरी ऱ्हातील का?" मग आमचं राजुरीचं चार खणाचं घर त्यांनी दोन जोड्यांत कसं बांधलं, ते ऐकावं लागलं. भावकीनं दगड वाहिले, मामानं लाकूड दिलं, गवंडी जेवणावर आला. हे सगळं खरं होतं अन् माझ्या काही उपयोगाचं नव्हतं.

दसऱ्याला माझा आतेभाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला. घरात सगळ्यांत शिकलेला तो. ओट्यावर बसून त्यानं आमचा हिशेब ऐकला अन् तोंड वाकडं केलं. तो म्हणाला, "मामा, चार लाख म्हणजे ह्याचा आठ वर्षांचा पगार. न खाता, न पिता. मी तिकडं घर घेतलं ते तीन वर्षांच्या पगारात. इथली घरं ओव्हरव्हॅल्यूड आहेत."

"म्हंजी?"

"म्हणजे त्यांची जेवढी लायकी त्याच्यापेक्षा भाव जास्त."

दादांना हा शब्द एकदम पसंत पडला. इतकी वर्षं त्यांना जे म्हणायचं होतं त्याला अमेरिकेत एकाच शब्दात म्हणतात याचं त्यांना नवल वाटलं. त्या दिवसापासून वांगी ओव्हरव्हॅलू, एसटीचं तिकीट ओव्हरव्हॅलू, एकदा तर गावातला एक अख्खा पुढारी ओव्हरव्हॅलू ठरला. पण ते लगेच आतेभावाकडे वळले. "तिकडं बैलजोडी काय भाव?"

"तिकडं जोडी नसते मामा. शेती मशीनवर."

"मग तीन वर्षं तीन वर्षं काय सांगतोस? माप कशानं लावलंस?"

आतेभावानं पगार, व्याजाचे दर, मागणी-पुरवठा असं बरंच समजावलं. शेवटी दमून त्यानं पाकिटातून आपल्या घराचा फोटो काढला. पुढं हिरवळ, मागं पांढरं दुमजली घर. दादांनी फोटो उन्हात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग नखानं भिंतीवर टकटक केली, फोटोतल्या.

"ही भिंत कशाची रं?"

"लाकडाची. तिकडं सगळी घरं लाकडाचीच असतात. आतून फळ्या लावतात."

"आतून पोकळ?"

"तसं म्हणजे... हो."

 दादांनी फोटो आईकडे दिला. मग अगदी कनवाळू आवाजात म्हणाले, "आरं, ह्याला आपल्यात कूड म्हणत्यात. आहुप्याला असली घरं आदिवासी माणूस रानातनं लाकूड आणून आठ दिवसांत उभं करतो. शेणानं सारवलं की झालं. तू तीन वर्षांचा पगार कुडाला घातलास? तुला कुणी विचारलं न्हाई का तिकडं, मोठं माणूस न्हाई का कुणी?"

आतेभाऊ लाल झाला. भूकंप, हवामान, इन्शुरन्स असं बोलायला लागला. पण निकाल लागला होता. आमची आई त्याच्या पुढ्यात पुरणपोळी वाढताना म्हणालीसुद्धा, "जाऊ दे बाबा, फसतो माणूस एखाद्या येळेस." दुसऱ्या दिवशी गावात झालं की अमेरिकेत आहुप्यासारखी घरं आहेत अन् आत्याचं पोरगं त्यात गंडलं. अन् भोसरीचा फ्लॅट विटेचा आहे, तेव्हा तो महाग असला तरी अमेरिकेइतका महाग नाही, असं दादांनी पारावर जाहीर केलं. अर्थशास्त्राचं मला फारसं कळत नाही, पण दोन देशांतल्या घरांची इतकी झटपट तुलना मी नंतर कुठं ऐकली नाही.

दिवाळी झाल्यावर दादा फ्लॅट बघायला माझ्याबरोबर भोसरीला आले. धोतर, टोपी, खांद्यावर तांबडा रुमाल. बिल्डर जाडजूड माणूस, बोटांत चार अंगठ्या. त्याच्या वाडवडिलांची तिथंच शेती होती, तिच्यावरच त्यानं ही इमारत बांधली होती. त्या दिवसांत बाजार पडलेला होता, निम्मे फ्लॅट तसेच पडून होते, तरी तो चार लाखाचा आकडा काही सोडत नव्हता.

दादांनी फ्लॅट बघितला तो बैल बघतात तसा. आधी लांबून, मग भोवती फिरून. चारी कोपऱ्यांत टाचेनं आपटलं. दाराच्या कड्या दहादा लावल्या-काढल्या. सगळे नळ एकदम सोडले अन् धार बघत उभे राहिले. मग बिल्डरला विचारलं, "वय काय?"

"सहा महिने झाले पुरा होऊन."

"म्हंजी अजून दात लावलेले न्हाईत. खोड काय हाय का? आधीच सांगा, मागनं कळलं तर परत घ्यावा लागंल."

मी जमिनीत जायच्या बेतात होतो, पण दुसरा मजला होता. बिल्डर मात्र हसला नाही. "पावणं, खोड असंल तर तुमीच शोधा," म्हणाला. तेव्हा दादांनी ते सांगितलं जे ऐकून मला खोलीवर पळून जावंसं वाटलं. बैल घेताना आमच्याकडे तो आधी चार दिवस घरी नेऊन औताला जुंपून बघतात, पटला तर पैसे, नाहीतर धन्याला परत. दादा म्हणाले, फ्लॅटही चार दिवस जुंपून बघणार.

"म्हणजे काय करणार?" बिल्डरच्या कारकुनानं विचारलं.

"ऱ्हाणार," दादा म्हणाले.

अन् राहिलो की. चार दिवस, मी अन् दादा, दोन गोधड्या अन् एक घागर घेऊन. लाइट नव्हती. मी सकाळी कामावर जायचो, दादा दिवसभर फ्लॅट जुंपायचे. पहिल्या दिवशी एका खोलीत, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसले, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो ते बघितलं. जिन्यावरून सत्तर वेळा चढले-उतरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाथरूममध्ये सगळीकडे पाणी ओतून वाट बघितली. संध्याकाळी मी आलो तर दादा दारातच, चेहरा खुललेला. "खोड सापडली," म्हणाले. बाथरूमच्या भिंतीला पलीकडून हातभर ओल आली होती. खराब घर घेतोय या विचारानं मी हातपाय गाळले, अन् हे माझ्या पाठीवर थाप मारत होते. खोडीचा बैल स्वस्तात मिळतो, अन् ओल काय, डांबर लावून बंद करता येते, असं त्यांचं गणित होतं.

चौथ्या दिवशी सौदा. ऑफिसात बिल्डर, कारकून, मी अन् दादा. दादांनी खांद्यावरचा तांबडा रुमाल काढला, झटकला अन् आपल्या उजव्या हातावर पसरला. कारकून बघतच राहिला. बेल्ह्याच्या बाजारात असाच भाव ठरतो. दोघं जण रुमालाखाली हात घालतात अन् एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांतच राहतो, अन् ठरल्यावरही तो कुणाला सांगायचा नसतो. मी हळूच म्हणालो, "दादा, इथं असं नसतं."

बिल्डरनं मला हातानंच गप्प केलं. त्याचे डोळे वेगळेच झाले होते. "माझा बाप असा करायचा," तो म्हणाला. "आमच्या गोठ्यात आठ बैल व्हते. शर्यतीच्या घाटात पळायचे." त्यानं हात पुढं केला.

"आधी आंगठ्या काढा," दादा म्हणाले. "बोट कळत न्हाई."

त्यानं चारही अंगठ्या काढून टेबलावरच्या पेपरवेटशेजारी ठेवल्या. त्यातली एक निघेना म्हणून कारकुनानं साबण आणला. मग रुमालाखाली हात गेले. कधी बिल्डर मान हलवायचा, कधी दादा हात सोडून उठायचं नाटक करायचे. दोनदा ते खरंच दारापर्यंत गेले. एकदा त्यांनी तोंडानं सांगितलं, "अमेरिकेत तीन वर्षांत घर व्हतंय." बिल्डर म्हणाला, "कुडाचं." ते दादांनीच त्याला चहा पिताना सांगितलं होतं, त्यामुळे त्यांनी परत बोटंच दाबायला घेतली. माझं लग्न त्या तांबड्या रुमालाखाली चाललं होतं अन् मला त्याची नुसती हालचाल दिसत होती. शेवटी दोघंही बराच वेळ हलले नाहीत. दादांनी डोळे मिटले. मग उघडले, रुमाल उचलला अन् बिल्डरच्या तळहातावर टाळी दिली.

"ठरलं," दादा म्हणाले.

"किती?"

"ठरलं म्हंजी ठरलं. तू कागद कर."

जगात असा माणूस शोधून सापडायचा नाही ज्यानं घर घेतलं अन् किंमत त्याला माहीत नाही. दोन दिवस मी तसा फिरलो. मास्तरांचा निरोप आला, कितीला घेतला? मी कळवलं, चौकशी चालू आहे. करारनामा टाइप होऊन समोर आला तेव्हा मी आधी आकडा शोधला. साडेतीन लाख. पैसुद्धा वर नाही. मी करारनामा तीनदा वाचला अन् मग चक्क दादांच्या पाया पडलो. पन्नास हजार तोडले या माणसानं, नुसत्या बोटांवर. दादा म्हणाले, "खोड व्हती ना," अन् खिडकीतून बाहेर बघायला लागले.

तुळशीच्या लग्नांना तीन दिवस उरले असताना मास्तरांनी सुपारी फोडली. मंचरची गॅलरी टळली. बायको झाल्यावर हिनं पहिला हिशेब केला तो हाच. सात वर्षांचा पगार. आतेभावाला तिनं पत्रानं कळवलंसुद्धा, कुडाचं नाही, विटेचं आहे. लग्नात मी भेटेल त्याला दादांच्या रुमालाची गोष्ट सांगत होतो. दादा मांडवात फारसे बसले नाहीत. गोठ्यात गर्दी नको म्हणून आपली जोडी मळ्यात बांधली आहे, असं आईनं मला सांगितलं, अन् नवरदेवाला बैलांचं काय पडलेलं असतं.

लग्नानंतर आम्ही भोसरीला राहायला गेलो. ही उंबऱ्यावरचं माप ओलांडायच्या आधी पार्किंगमध्येच थबकली. "इथं शेणाचा वास कसा?" म्हणाली. मी म्हटलं, पुणं आहे, इथं सगळे वास येतात. तेवढ्यात खांबामागून एक ओळखीचं शिंग बाहेर आलं. डावं, टोकाला किंचित मोडलेलं. ते मोडलं त्या साली मी नोकरीला लागलो, अन् निघायच्या आधी मीच त्याला हळद लावली होती. तो आमचा धाकटा बैल, शेजारी थोरला. दोघांच्या पुढ्यात कडबा, गळ्यात नव्या घंटा.

बिल्डर थोड्या अंतरावर खुर्ची टाकून बसला होता, कौतुकानं बघत. मी त्याला विचारलं. त्याला वाटलं मला माहीत आहे. "पंचवीस हजार मी सोडले, त्या ओलीपायी," तो म्हणाला. "उरल्या पंचवीसाला तुझ्या बापानं जोडी लावली. मला बी बापाची आठवण झाली, मी घेतली. ते बोट दाबताना डोळे मिटले व्हते त्यांनी, तू बघितलंस की."

मी तिथंच सामानाच्या ट्रंकेवर बसलो. लाज वाटली, राग आला, रडूही आलं, अन् नेमकं तेव्हाच धाकट्यानं माझ्या लग्नातल्या कोटाची बाही चाटून हिरवी केली. ही हसायला लागली. मग मीही हसलो, काय करणार.

त्यानंतर दादांना सुनेची फार आठवण यायला लागली. दर पंधरा दिवसांनी सकाळच्या एसटीनं हजर. सुनेसाठी शेंगा, मेथी अन् एक मोठं गाठोडं हिरवा घास, जो सुनेसाठी नव्हता. आल्यावर वर यायच्या आधी तासभर पार्किंगमध्ये. ही वरून हाक मारायची, "दादा, चहा गार होतोय," अन् दादा खालून म्हणायचे, "आलोच, जिना ओव्हरव्हॅलू हाय." सोसायटीतल्या लोकांनी शेणाबद्दल तक्रार केली, तर बिल्डर म्हणाला, ज्याला शेण नको त्यानं मजला बदलावा. त्यानं एकदा दादांना जोडी परत न्या म्हणूनही सांगितलं, फुकट. दादा म्हणाले, टाळी दिलेला सौदा मोडत न्हाईत.

ते बैल तिथंच म्हातारे झाले. थोरला आधी गेला, धाकटा वर्षभरानं. नंतर त्या खांबांना गाड्या लागल्या. पुढच्या काही वर्षांत भोसरीचे भाव असे चढले की माझा साडेतीनचा फ्लॅट ऐकून नवे भाडेकरू मला देव मानायला लागले. एकदा इस्टेट एजंट वीस लाखांची बोली घेऊन आला. दादा तेव्हा आलेले होते, खाली जुन्या जागी खुर्ची टाकून बसले होते. मी हौसेनं जाऊन सांगितलं, दादा, वीस लाख. किती जोड्या झाल्या बघा.

 बायको त्यांचा चहा घेऊन खाली आली होती. त्यांनी तिला जवळ बसवलं, खांद्यावरचा रुमाल काढून तिच्या हातावर टाकला अन् खालून बोटं दाबून काहीतरी सांगितलं. ती कप तिथंच ठेवून वर निघून गेली.

मी मागोमाग गेलो. किती बोटं दाबली म्हणून विचारलं. रुमालाखालचा भाव सांगत नसतात, ती म्हणाली. ओट्याकडं तोंड करून उगाच भांडी हलवत राहिली. मग तशीच पाठमोरी म्हणाली, "एकच."

एजंटला मी संध्याकाळी नाही म्हणून कळवलं, अन् दादांना दुसरा चहा खाली नेऊन दिला.